बाई, पेन्सिलीच्या त्या खुणेबद्दल आभार

आदरणीय बाई,

इंग्रजीतलं लिंकिंग व्हर्ब, म्हणजे कर्त्याला त्याच्याच वर्णनाशी किंवा ओळखीशी जोडणारं क्रियापद, ओळखायला तुम्ही शिकवलंत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. तुमच्या आधी ज्यांनी शिकवलं, त्यांनी बी, सीम, बिकम, लुक, फील अशी यादी फळ्यावर लिहिली आणि पाठ करायला सांगितली. यादी पाठ होते, पण वाक्य समोर आलं की कामाला येत नाही. लुक, टेस्ट, स्मेल, ग्रो, टर्न ही क्रियापदं एका वाक्यात लिंकिंग असतात, दुसऱ्यात नसतात. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही चुकलेल्या वाक्यावर लाल फुली मारत नव्हतात. क्रियापदाच्या डोक्यावर पेन्सिलने बारीकसं ‘=’ चिन्ह, त्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि वही परत. कर्ता आणि क्रियापदानंतरचा शब्द एकाचबद्दल बोलतात का, एवढंच ती खूण विचारायची. ‘द सूप टेस्ट्स सॉल्टी’ यात खारट आहे ते सूपच, म्हणून टेस्ट्स लिंकिंग. ‘द कुक टेस्ट्स द सूप’ यात आचारी म्हणजे सूप नव्हे. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ मध्ये माणूस एकच, ‘शी मेट अ डॉक्टर’ मध्ये दोन. तरीही अडलं तर क्रियापदाच्या जागी इज किंवा वॉज ठेवून बघायचं. फुलीऐवजी प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याला डोकं आहे हे मानणं. असा साधा सज्जनपणा शिकवताना फार कमी जण दाखवतात.

कसोटी कुठे फसते, तेही तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. ‘ही स्टूड देअर’ मध्ये वॉज सहज बसतो, पण देअर फक्त जागा सांगतो, माणूस कसा आहे ते नाही, म्हणून स्टूड लिंकिंग नाही. ‘ही डाइड पुअर’ मध्येही वॉज बसतो, पण ‘ही डाइड’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. ‘ही बिकेम’ म्हणून थांबता येत नाही. आणि ‘शी इज सिंगिंग’ मधला इज नुसता सहायक, हे तर यादीवाल्यांकडून कायम सुटायचं.

सगळ्यात मोठा उपकार विशेषणाचा. मराठीत ‘ती चांगली दिसते’ आणि ‘ती चांगली गाते’, दोन्हीकडे चांगलीच. म्हणून आपल्याकडे इंग्रजी लिहिताना हात अडखळतो. लिंकिंग व्हर्ब ओळखलं की गोंधळ मिटतो: लुक्सनंतर विशेषण, गुड; सिंग्जनंतर क्रियाविशेषण, वेल. (‘शी लुक्स वेल’ हेही बरोबर, पण ती तब्येतीची गोष्ट, तिथे वेल स्वतःच विशेषण आहे.) ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली, ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द लेटर’ म्हणजे तिने पत्राकडे रागाने पाहिलं. नियम न घोकता हा फरक आता वाचतानाच कळतो. बाई, मनापासून आभार.

तुमचे विद्यार्थी