भुयार सापडलं की आधी मोजा, मग बुजवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्ता खोदताना जुनं भुयार सापडलं अशी बातमी अधूनमधून पेपरात येते आणि मथळा वाचायच्या आधीच कळतो, रहस्यमय भुयार, गुप्त मार्ग, राजा इथूनच निसटला, खाली खजिना असणार. चार दिवस गर्दी, मोबाईलवर व्हिडिओ, पाचव्या दिवशी खड्डा बुजलेला. ते किती खोल होतं, विटांचं होतं की दगडाचं, पाणी वाहायचं का, हे कुठल्याच बातमीत नसतं. दर वेळी वाचून जीव तुटतो, म्हणून आज लिहायला बसलेय.

मी बरीच वर्षं ड्रेनेजच्या कामांवर ड्राफ्ट्समन होते. एकदा चर खणताना पोकलेनचं बकेट एकदम आत गेलं आणि खाली विटांची कमान निघाली. आतली हवा तपासून झाल्यावर शिडी लावून मी आणि एक सुपरवायझर उतरलो. वाकून चालता येईल एवढी उंची, भिंतीत थोड्याथोड्या अंतरावर हाताच्या पंजाएवढा कोनाडा, आणि प्रत्येक कोनाड्याच्या वरच्या विटेवर काजळीचा लांबट डाग. मी बोट लावलं तर बोट काळं झालं. म्हणजे कुणीतरी तिथे दिवा ठेवून, त्या एवढ्याशा उजेडात, पाठ मोडेस्तोवर वाकून एकेक वीट बसवली होती, आणि तळाला बारीक गाळाचा थर होता म्हणजे हे पाण्याचंच काम होतं, पळून जायचं बिलकुल नाही. मी म्हटलं उद्या सकाळी टेप आणि लेव्हल घेऊन येते, दोन तास द्या. सकाळी गेले तर रात्रीत काँक्रीट ओतून झालेलं, कारण कुणाला कळलं तर काम थांबेल ही भीती. एक माप नाही, एक फोटो नाही. आज ते कुठून कुठे जातं हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

आता पॅरिसचं बघा. ते शहर ज्या चुनखडी दगडाचं बांधलंय तो दगड त्याच्याच खालून काढलेला, शेकडो वर्षं लोक खाणी खोदत राहिले आणि वर शहर पसरत त्या खाणींवर आलं, खाली काय आहे हे सगळे विसरून गेले. अशा पोकळीचं छत एकदम कोसळत नाही, एकेक थर सुटून खाली पडतो, पोकळी घंटेच्या आकाराने वरवर सरकत राहते, वर मात्र रस्ता धडधाकट दिसतो आणि मग एक दिवस सगळंच आत जातं. डिसेंबर १७७४ मध्ये तिथल्या रू दाँफेर नावाच्या रस्त्याचा सुमारे ३०० मीटरचा पट्टा असाच खाली गेला (या नावाचा अर्थच नरकाचा रस्ता). मग १७७७ मध्ये राजाने खास खाणींच्या तपासणीचं खातं काढलं आणि शार्ल-आक्सेल गियोमो नावाच्या आर्किटेक्टला त्याचा प्रमुख केलं. या माणसाने जे केलं त्याला तोड नाही. वर जो रस्ता आहे त्याच्या बरोबर खाली, त्याच दिशेने गॅलऱ्या, म्हणजे चालत जाता येतील असे बोगदे, खोदून घेतल्या, भिंती आणि खांब बांधून छताला आधार दिला, आणि खालच्या भिंतीवर वरच्या रस्त्याचं नाव कोरलं! केलेल्या प्रत्येक बांधकामावर नंबर, आपल्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि साल. म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळावं की आपण कुठल्या रस्त्याखाली आहोत आणि हा खांब कधीचा. पुढे वर कित्येक रस्त्यांची नावं बदलली, खाली अजून जुनीच आहेत. ते खातं आजही चालू आहे, खाणींच्या पट्ट्यात घर बांधायचं तर आधी त्यांचे नकाशे बघावे लागतात. अडीचशे वर्षांपूर्वी मोजून ठेवलं म्हणून आज कामाला येतंय.

लोकांना पॅरिसखालच्या फक्त कवट्या माहीत असतात. स्मशानं भरून वाहायला लागली, १७८० मध्ये एका मोठ्या स्मशानाला लागून असलेल्या तळघराची भिंत फुटून प्रेतं आत आली, तेव्हा कुठे निर्णय झाला आणि १७८६ पासून रात्री गाड्या भरभरून हाडं रिकाम्या खाणींत नेली. सुमारे ६० लाख माणसांची हाडं आहेत तिथे असं सांगतात. पण जवळजवळ ३०० किलोमीटरच्या जाळ्यातला हा अगदी छोटा तुकडा. बाकी सगळा दगड काढलेल्यांचा आणि आधार बांधलेल्यांचा इतिहास आहे, त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

इस्तंबूलची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तिथे जमिनीखाली पाण्याचं प्रचंड टाकं बांधलं, ३३६ खांब, प्रत्येक साधारण ९ मीटर उंच, बरेचसे जुन्या इमारतींमधून आणलेले, दोन खांबांच्या बुडाशी मेड्यूसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या बाईचं, दगडी डोकं आहे, एक आडवं आणि एक चक्क उलटं. पुढे शहर वर वाढत गेलं आणि टाकं विस्मरणात गेलं. १६ व्या शतकाच्या मध्याला पिएर जिल नावाचा फ्रेंच अभ्यासक जुने अवशेष शोधत तिथे फिरत होता, त्याच्या कानावर आलं की इथली माणसं घरातल्या जमिनीला पाडलेल्या भोकातून पोहरा सोडून पाणी काढतात, मासेसुद्धा धरतात. तो एका घरात गेला, खाली उतरला आणि मशालीच्या उजेडात होडीतून त्या खांबांमधून फिरला. खाली एवढं मोठं टाकं आहे याची वरच्यांना कल्पनाच नव्हती, पाणी मात्र रोजचं वापरात! त्याने विचारपूस केली आणि लिहून ठेवलं म्हणून ते जगाला कळलं.

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या साउथ ब्रिजला १९ कमानी आहेत, दिसते फक्त एक, बाकीच्यांना लागून इमारती उभ्या राहिल्या आणि आतल्या पोकळ्यांत मजले घालून खोल्या केल्या. १७८८ मध्ये पूल झाला, कारागीर आले, दारूचे गुत्ते आले, पण वरून पाणी झिरपायचं ते काही थांबेना, थोड्याच वर्षांत धंदेवाले निघून गेले आणि ज्यांना कुठेच जागा नाही अशी गोरगरीब कुटुंबं तिथल्या अंधारात राहिली. पुढे राडारोडा भरून सगळं बंद केलं. विसाव्या शतकाच्या शेवटी उपसलं तेव्हा त्यात कालवांची शिंपलं निघाली, आतल्या माणसांच्या जेवणातली. याच शहरात मेरी किंग्ज क्लोज नावाची, आता इमारतीखाली दबलेली गल्ली आहे, तिच्याबद्दल सर्रास सांगतात की १६४५ च्या प्लेगमध्ये लोकांना आत जिवंत चिणलं. तसं काही झालं नव्हतं, आजारी घरं बंद ठेवायचे पण बाहेरून अन्न आणि कोळसा पोचवायचे. गल्ली खाली गेली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १७५३ मध्ये घरांचे वरचे मजले उतरवून खालच्यांवर नवी इमारत उभी करायला घेतली तेव्हा. चिणण्याची गोष्ट तेवढी सगळ्यांना पाठ.

राजाचा पळायचा मार्ग कधीच नसतो असं मी म्हणत नाही. इटलीतल्या नेपल्समध्ये राजा दुसऱ्या फर्डिनांडने १८५३ मध्ये राजवाड्यापासून खरोखरच तसा बोगदा खोदायला घेतला होता. तो कधीच पूर्ण झाला नाही, खोदताना जुन्या पाण्याच्या टाक्याच मध्ये आल्या. पण दुसऱ्या महायुद्धात वरून बॉम्ब पडायचे तेव्हा त्याच बोगद्यात हजारो सामान्य माणसं जीव मुठीत धरून बसली. राजाच्या उपयोगी पडला नाही, लोकांच्या पडला, आणि हे नोंदी राहिल्या म्हणूनच कळतं.

जुनं भुयार बुजवूच नका असा माझा हट्ट नाही, पोकळीवर ट्रक जाणार असेल तर भराव घालावाच लागतो, आत ऑक्सिजन कमी असतो, विषारी वायू साठतात, हौशी पोरांनी उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. पण बुजवायच्या आधी एक दिवस द्यायला काय हरकत आहे? लांबी, रुंदी, खोली, दिशा, विटेचं माप, चुन्याचा नमुना, शंभरभर फोटो, एवढं एका दिवसात होतं, मी स्वतः केलेलं काम आहे. पुढच्या वेळी पाइप टाकणाऱ्यालाही तोच कागद लागतो, नाहीतर तो परत त्याच जागी आंधळेपणाने खणतो.

आपल्या पेपरला एक विनंती. यापुढे अशी बातमी आली की वार्ताहराने खजिन्याचं विचारू नये, तिथल्या इंजिनिअरला एवढंच विचारावं, माप घेतलं का, कुणी घेतलं, आणि तो नकाशा कुठल्या ऑफिसात ठेवलाय. उत्तर मिळालं नाही तर तेच मथळ्यात छापा.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन