अण्णा, तुमच्या खांद्यांचे आभार

अण्णा, सप्रेम नमस्कार.

पक्षी बघायच्या कॅम्पवर गाइड म्हणून तुम्ही माझ्या आईसाठी जे केलंत, त्याचे फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "त्यात काय ताई" म्हणत विषय बदललात. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. तुम्हाला मराठी वाचता येतं, हे पत्र कॅम्पवरच्या इतरांनाही वाचून दाखवा.

माझी आई तरुणपणापासून पक्षी बघते. कंपवात सुरू झाल्यापासून तिच्या हातात दुर्बीण ठरत नाही. दहापटीच्या दुर्बिणीतून पक्षी दहापट जवळ येतो, पण हाताचा कंपही तितकाच वाढतो. फांदी, पान, पिसं सगळं एकमेकांत मिसळून जातं. तुमच्याकडे येण्याआधी एका दुसऱ्या कॅम्पवर गेलो होतो. तिथल्या गाइडने पहिल्याच सकाळी, आईसमोरच, मला सांगितलं, "आजींना खोलीवरच बसू द्या, बाकीच्यांचा खोळंबा होतो." तोच माणूस मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज पुन्हा पुन्हा वाजवून, ऐन विणीच्या काळात, त्यांना फोटोसाठी बाहेर काढत होता. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिने दुर्बीण कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिली. ते मी अजून विसरलेले नाही.

कर्नाटकातल्या काळी नदीकाठच्या त्या सकाळी तुम्ही आम्हाला मलबारी कवड्या धनेशाची (हॉर्नबिल पक्ष्याची) ढोली दाखवायला नेलंत. ढोलीपासून बरंच लांब थांबवलंत. कॅमेरेवाले कुरकुरले, तेव्हा तुम्ही शांतपणे समजावलंत: मादीने स्वतःला आत लिंपून घेतलंय, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवलीय, तिची उडायची पिसंही झडलेली असतात. माणसं जवळ दिसली तर नर खायला घेऊन येणारच नाही, आणि तो आला नाही तर ती आणि पिल्लं उपाशी. त्यानंतर कुणी एक पाऊल पुढे टाकलं नाही.

मग तुम्ही आईसाठी खुर्ची मांडलीत. तिची दहापटीची दुर्बीण बाजूला ठेवून स्वतःची आठपटीची तिच्या गळ्यात घातलीत आणि तिच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून, मातीत गुडघ्यांवर बसलात. म्हणालात, "अम्मा, दोन्ही कोपरं माझ्या खांद्यांवर टेकवा. घाई नाही."

नर यायला बराच वेळ लागला. तुम्ही हलला नाहीत. तो आल्यावर घशातून एकेक फळ वर काढून फटीतून आत देऊ लागला, तेव्हा तर तुम्ही श्वासही बेताने घेत होतात, कारण तुमच्या श्वासाबरोबर आईची दुर्बीण हलत होती. ती मोठ्याने फळं मोजत होती. कितीतरी काळाने तिचा तो आवाज मी ऐकला, शाळेत मुलांना पक्षी दाखवताना असायचा तसा. उठलात तेव्हा तुमच्या पँटचे गुडघे चिखलाने भरले होते, आणि तुम्ही आईलाच विचारलंत, "नीट दिसलं ना?"

अण्णा, तुमचं पक्षिज्ञान मोठं आहेच. झाडामागून नुसती शीळ ऐकून तुम्ही नाव सांगता. पण शिकलेली, जाणकार माणसं मी बरीच पाहिली आहेत. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी थांबायचं आणि आपण थांबलोय हे त्याला बोचू द्यायचं नाही, हे करणारी माणसं फार थोडी भेटली. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे आईला "तुम्ही बसा" एवढंच ऐकू येतं. तुम्हीही तिला बसवलंत, पण तिला बघायचं होतं ते दिसावं म्हणून.

2011 साली काळीकाठचा हा पट्टा धनेशांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामागे ज्यांची मेहनत आहे त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण जंगलात आलेल्या माणसाला आणि ढोलीतल्या मादीला एकाच जिव्हाळ्याने जपणारे तुमच्यासारखे गाइड तिथे आहेत, म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येकाला त्या बाजूला जायला सांगते. कॅम्पच्या व्यवस्थापकांच्या नजरेस हे पडलं तर त्यांना एकच विनंती: नव्या मुलांना अण्णांबरोबर फिरायला पाठवा.

आईचा निरोप आहे. दुर्बीण कपाटातून खाली आली आहे, आणि आता तिला कर्णा पक्षी बघायचाय. कधी यावं ते कळवा.

तुमची,
अम्मांची मुलगी