‘रॉथ’मध्ये भरा, पण भारतात परतणार असाल तर?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी नोकरदारांच्या निवृत्तीनियोजनावरचा लेख वाचला. ‘मेगा बॅकडोअर रॉथ’ची शिफारस त्यात डोळे झाकून केली आहे. (रॉथ म्हणजे कर भरून झालेले पैसे टाकायचं अमेरिकेतलं निवृत्ती खातं.) मी एका औषध कंपनीत हिशेब विभागात आहे आणि हा मार्ग स्वतः वापरते, म्हणूनच लिहिते.

नाव चोरवाटेचं असलं तरी मार्ग कायदेशीर आहे. पन्नाशीच्या आतल्या माणसाला २०२५ मध्ये पगारातून ४०१-के, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात २३,५०० डॉलर टाकता येत होते. कंपनीचा वाटा धरून एकूण मर्यादा मात्र ७०,००० ची होती. माझे २३,५०० आणि कंपनीचे ६,५०० गेले, तरी ४०,००० ची जागा उरली. तिथे कर भरून झालेले पैसे टाकायचे आणि लगेच रॉथमध्ये वळवायचे. लगेच अशासाठी, की मधल्या काळात झालेली वाढ रॉथमध्ये नेली तर तिच्यावर कर बसतो. सगळ्याच कंपन्यांच्या योजनेत ही सोय नसते; माझ्या आधीच्या नोकरीत नव्हती. लेखात याचा उल्लेखही नाही.

वयाची साडेएकोणसाठ वर्षं आणि खात्याची पाच वर्षं पूर्ण झाली, की रॉथमधून पैसे काढताना अमेरिका काहीच कर घेत नाही. लेख इथे संपतो आणि आमच्यासारख्यांचा प्रश्न इथे सुरू होतो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहा, परत जायच्या गोष्टी कानावर पडतातच. कुणाचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं अडकलेलं, कुणाचे आईवडील सांगलीत एकटे. आम्हीही मुलीचं कॉलेज झालं की नाशिकला जाणार आहोत.

भारतात कायमचं राहायला लागलं की जगभरातलं उत्पन्न तिथे करपात्र होतं. परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नाला सवलत मिळू शकते, पण पंचेचाळिशीत परतणाऱ्याची ती मुदत साठीच्या कितीतरी आधी संपते. २०२१ मध्ये आयकर कायद्यात ८९-ए कलम आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांतल्या वाढीवर दरवर्षी कर न लावता पैसे काढताना लावावा, अशी त्यात सोय झाली. मात्र तिथल्या सरकारने पैसे काढताना कर घेतला पाहिजे, अशी त्या खात्याची व्याख्या आहे. रॉथवर तर काढताना करच नाही! मग ते या व्याख्येत बसतं का? पुण्यातल्या एका सीएंनी मला ‘बसतं’ सांगितलं, दुसऱ्यांनी ‘अजिबात नाही, दरवर्षीचा लाभांश दाखवा’. दोघांनीही फी घेतली.

मी स्वतः रॉथ बंद केलेलं नाही. रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे कंपनीबाहेरच्या वैयक्तिक रॉथ खात्यात वळवलेली, आधीच कर भरलेली मुद्दल साठीच्या आधीही कराविना आणि दंडाविना काढता येते, एवढा आधार मला पुरेसा वाटतो. पण ज्याचं जायचं नक्की आहे त्याने दरवर्षी चाळीस-चाळीस हजार तिथे ओतण्याआधी भारतातल्या कराचं गणित मांडलेलं बरं.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने रॉथबद्दल एक स्पष्ट परिपत्रक काढावं, आणि आपण लेखाचा दुसरा भाग परतणाऱ्यांसाठी छापावा, ही विनंती.

— एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)