सकाळचा डायपर संध्याकाळपर्यंत

महोदय,

माझी आई दोन वर्षांपासून वृद्धांच्या शुश्रूषागृहात आहे. गेल्या महिन्यात दुपारी चारला गेले, तर सकाळचाच डायपर अंगावर होता. फुगून जड झालेला, चादरीवर पिवळी कड उमटलेली. सोडला तेव्हा माकडहाडापाशी कातडी लालभडक, एका जागी सोललेली. "राहू दे गं, त्या बायांना किती कामं असतात," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आवरलं नाही.

लघवीत तासन्‌तास भिजलेली कातडी मऊ पडते, सोलते. त्यात कूस बदलली नाही तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, व्हायला वेळ लागत नाही. तिथे आईला पाणीही बेतानंच देत होते, 'सारखं बदलावं लागतं' म्हणून! पाणी कमी केलं की लघवी दाट होते, मूत्राशयाची आग वाढते, संसर्गाला वाव मिळतो.

आणि आई तिथे गेली तेव्हा आधार धरून संडासापर्यंत चालत जायची. दर दोन-तीन तासांनी कुणी विचारून नेलं असतं, तर तिची सवय टिकली असती. सोयीसाठी डायपर बांधला आणि ती सवय गेली.

सेविकांवर माझा राग नाही. रात्री अख्ख्या मजल्याला एकच बाई, तिनं काय काय करावं? माणसं वाढवणं चालकांच्या हातात आहे. प्रत्येक खाटेपाशी डायपर कधी बदलला याची नोंद हवी, नातेवाइकांना दिसेल अशी. मी ती लेखी मागितली आहे, अजून उत्तर नाही. तोवर रोज वेगवेगळ्या वेळी जाते आणि आधी चादरीखाली हात घालून बघते.

— एक मुलगी