पासवर्ड गेला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

धंद्याचा जुना कॉम्प्युटर असतो, ज्याने पासवर्ड ठेवला तो माणूस कधीच काम सोडून गेलेला असतो, आणि दुरुस्तीवाला मशीन नीट न बघताच सांगतो की फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसावं लागेल. हे ऐकलं की फार वाईट वाटतं हो, कारण त्यात कित्येक वर्षांचे हिशोब, बिलं, गिऱ्हाइकांची येणी असतात आणि बऱ्याचदा ते सगळं वाचू शकतं.

विंडोजचा लॉगिन पासवर्ड म्हणजे नुसती दाराची कडी आहे, आतल्या फायलींना त्याने कुलूप लागत नाही. एक्सपी किंवा विंडोज 7 चं साधं मशीन असेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, फायली दिसतात, परमिशन नाही म्हणाला तर त्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून फायलींची ओनरशिप, म्हणजे मालकी, घेता येते. डिस्क काढायची नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) चालू करूनही कॉपी होते. बायोसचा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच मशीन मागतं तो, पासवर्ड अडवत असेल तरी डिस्क बाहेर काढून सहसा वाचता येते, खुद्द डिस्कलाच वेगळा पासवर्ड असेल तर मात्र नाही.

पण सगळ्यात आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून घ्या, आणि हे मी अगदी हात जोडून सांगतोय. जुनी डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही. शिवाय पासवर्ड उडवणारी टूल्स घाईत चालवली आणि काही फायली विंडोजच्या ईएफएस या सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद, निघाल्या, तर पासवर्ड बाहेरून बदलल्यामुळे त्या उघडत नाहीत, त्यांची किल्ली असलेल्या सर्टिफिकेटचा बॅकअप नसेल तर संपलंच. आणखी एक, नुसत्या फायली मिळाल्या म्हणजे काम झालं असं नाही, जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर नवीन विंडोजवर चालेलच असं नसतं, तेव्हा हीच इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) चालवून बघता येते.

बिटलॉकर, म्हणजे पूर्ण डिस्कलाच कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे 48 आकडी रिकव्हरी की लागतेच. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, एखाद्या पेनड्राइव्हवर, प्रिंट काढून ठेवलेल्या कागदात किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर सापडू शकते, जुन्या फायली आणि कपाटं नीट शोधा. की नसताना पैसे घेऊन डेटा काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

दुरुस्तीवाल्यांनाही विनंती आहे, मशीन आणणाऱ्याकडे मालकीचा कागद जरूर मागा, ते बरोबरच आहे, पण एन्क्रिप्शन आहे की नाही हे तपासल्याशिवाय आणि मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय फॉरमॅट करू नका.

आपला,
एक वाचक