कुरकुर आणि संग्रह

‘नाणेसंग्राहकांना बदल सोसत नाही’ हा रविवारच्या पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. संग्राहक कुरकुरतो, हे खरे. २००७ मध्ये उंचावलेल्या अंगठ्याची हस्तमुद्रा असलेला रुपया आला तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी नाक मुरडले. पण तोच रुपया सालाखालची टांकसाळीची खूण भिंगातून पाहत मुंबईचा (पत्त्यांतली चौकट), हैदराबादचा (चांदणी) आणि नोएडाचा (ठिपका) असा वेगवेगळा जमवलाही! १९५७ च्या दशमान पद्धतीतले ‘नये पैसे’ १९६४ मध्ये नुसते ‘पैसे’ झाले, तीही संग्राहकांना पर्वणीच. नाणी बदललीच नाहीत तर आम्ही जमवायचे काय? आमचा राग आहे तो जुने नाणे चिंचेने घासून लख्ख करून त्याचे मूळ रूप घालवणाऱ्यांवर.

– एक नाणेसंग्राहक, ठाणे