बॅटरी उतरताना माणसाला पाडणाऱ्या गाडीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
पुणे

विषय: आपल्या सेल्फ-बॅलन्सिंग इलेक्ट्रिक गाडीवरून आमचे वॉचमन पडून जखमी झाले, त्याबाबत

महोदय,

वडोद्याच्या मांजलपूर भागात आमची सोसायटी आहे. आवार मोठे, खाली बेसमेंट पार्किंग. रात्रीची फेरी मारताना वॉचमन मंडळींचे पाय दुखू नयेत म्हणून समितीने आपल्या कंपनीच्या, दांडी धरून उभ्याने चालवायच्या आणि स्वतःच तोल राखणाऱ्या दोन गाड्या घेतल्या. गेल्या महिन्यात त्यातल्या एकीने आमच्या वॉचमनकाकांना बेसमेंटच्या रॅम्पवर तोंडघशी पाडले. उजव्या मनगटाचे हाड मोडले, हनुवटीला टाके घालावे लागले. साठीला आलेला माणूस, आणि घरात कमावणारे ते एकटेच. यावर आपल्या विभागाचे चार ओळींचे उत्तर आले: गाडीत दोष नाही, चालवणाऱ्याने अचानक पुढे भार दिला, अशी तक्रार या प्रकारच्या गाडीबाबत होतच नाही. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

कॅमेऱ्यात सगळे दिसते. काका फेरी संपवून रॅम्प चढत होते. निम्म्या चढावर गाडी मंदावली आणि दांडी त्यांच्या छातीकडे आली. चढ चढायचा म्हणून ते पुढे झुकले. पुढच्याच क्षणी पायाखालची फळी पुढून खाली गेली आणि ते हातांवर आदळले.

आपल्या अभियंत्यांना हे का घडले ते सांगायला नको, पण आपल्या ग्राहक सेवेला सांगायला हवे असे दिसते. या गाडीला उभे ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मोटर. माणूस पुढे कलला की सेन्सर ते ओळखतात आणि मोटर चाके पुढे पळवून पुन्हा त्याच्या खाली आणते. म्हणजे वेग वाढवायला जशी मोटरची ताकद लागते, तशीच तोल राखायलाही लागते. बॅटरी उतरलेली, त्यात चढ, त्यात अंगाचा भार. मोटरकडे राखीव जोर उरला नाही की चाके मागे राहतात आणि माणूस पुढे जातो. म्हणूनच गाडी आधी दांडी मागे ढकलून थांबायचा इशारा देते. पण गाडी मंदावली की माणूस स्वभावतःच आणखी पुढे झुकतो, आणि नेमके तेच घातक ठरते. हे आधी सांगितले नसेल तर कोणालाही कळणार नाही. काकांना कोणी सांगितले होते? गाडी पोचवायला आलेल्या तरुणाने सपाट अंगणात दोन चकरा मारून दाखवल्या, काकांना एक मारायला लावली आणि सही घेऊन तो गेला. रॅम्प त्याने पाहिलासुद्धा नाही.

अशी तक्रार होत नाही, हे तर सरळ चुकीचे आहे. या प्रकारच्या गाड्यांची सुरुवात ज्या सेगवे कंपनीने केली, तिच्या सुमारे ६,००० गाड्या सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेत परत बोलावल्या गेल्या होत्या. कारण हेच: बॅटरी संपत आली असताना एकदम वेग घेतला, अडथळा आला किंवा इशाऱ्यानंतरही चालवत राहिले, तर पुरेशी ताकद न मिळून स्वार पडू शकतो. त्यावर मोफत सॉफ्टवेअर बदलून दिले गेले. २००६ मध्ये पुन्हा सुमारे २३,५०० गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले, तेव्हा चाके अचानक उलटी फिरण्याचा दोष होता. इतकी जुनी गोष्ट या धंद्यातल्या कंपनीला ठाऊक नसावी?

उताराचेही तेच. उतरताना मोटर वेग आवरते आणि त्यातून निघणारी वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? आमची माणसे चार्जिंगवरून गाडी काढतात ती थेट बेसमेंटात नेण्यासाठी. अशा वेळी गाडी दोनदा-तीनदा किंचाळली होती. आपल्या तंत्रज्ञाला फोनवर विचारले, तर म्हणाला, आवाज होतोच, चालवत राहा. हा सल्ला मला सर्वांत भयंकर वाटतो.

पुस्तिका फक्त इंग्रजीत, तीही बारीक अक्षरात. आमचे एक वॉचमन गुजराती वाचतात, दुसरे हिंदी. काकांना मराठी येते.

पावसाळा तोंडावर आला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हाची अवस्था आम्ही विसरलेलो नाही. एरवीही रॅम्प ओलाच असतो. चाक घसरले की या गाडीचा तोल राहत नाही, याबद्दल पुस्तिकेत अक्षर नाही. चार्जिंग चौकीत होते, तिथेच काका दुपारी आडवे होतात. २०१६ मध्ये अमेरिकेत पाच लाखांवर होव्हरबोर्ड (अशाच, पण दांडी नसलेल्या छोट्या गाड्या) बॅटरी पेटण्याच्या धोक्यामुळे परत मागवले गेले, म्हणून या बॅटरीचा चाचणी दाखलाही आम्हाला हवा आहे.

दोन्ही गाड्या आम्ही कुलपात ठेवल्या आहेत. आपण चालवणाऱ्याच्या चुकीचा शेरा लेखी मागे घ्यावा. काकांचा दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला पगार द्यावा. आपला अभियंता इथे येऊन, आमच्याच रॅम्पवर, कमी बॅटरीवर आणि भरलेल्या बॅटरीवर गाडी तपासून अहवाल देईल अशी व्यवस्था करावी. चढ त्या गाडीला झेपत नसेल तर पैसे परत करावेत. आणि ज्यांनी ज्यांनी ही गाडी घेतली आहे त्या सर्वांना, त्यांना वाचता येईल अशा भाषेत, दांडी मागे आली की झुकू नका, उतरा, एवढे तरी कळवावे. हे शेवटचे आमच्या पैशांच्या आधी करावे, कारण आजही कोणीतरी कुठल्यातरी चढावर ती चालवत असेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचा इशारा न दिल्यानेही उत्पादकावर जबाबदारी येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि त्यानंतर वडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही तक्रार नोंदवू.

आपली,
सचिव, सोसायटी व्यवस्थापक समिती,
मांजलपूर, वडोदरा

सोबत: बिलाची प्रत, दवाखान्याची कागदपत्रे, कॅमेऱ्यातील चित्रीकरण, आपल्या उत्तराची प्रत